डब्यावर हात ठेवणारे मास्तर

ज्या माणसानं मला कॉम्प्युटर शिकवला, त्या माणसानं हातात माऊस धरलेला मी एकदाही पाहिला नाही. ही थाप नाही. मी थापा मारतो हे सुरतेतल्या आमच्या सगळ्या नवागामला ठाऊक आहे. माझी माय तर पाहुण्यांना चहाच्या कपासोबतच बजावते, "याच्या बोलण्यातलं अर्धं सोडा, आणि उरलेलं कुणाला तरी विचारून घ्या." पण मास्तरांच्या बाबतीत मी वाढवून नाही, काटछाट करूनच सांगतो. सगळं सांगितलं तर तुम्हीही माझ्यासारखे आ वासून बसाल, आणि माझा आ तेव्हापासून नीट मिटलेला नाही.

मास्तर शाळेचे नव्हते, मागाचे होते. सुरतेत खानदेशातून आलेली आमच्यासारखी घरं यंत्रमागांवर जगत, आणि मास्तर त्या मागांचे जॉबर. म्हणजे अडलेला माग नीट करून पुन्हा चालू करून देणारा माणूस. आबा, म्हणजे माझे वडील, सांगायचे की मास्तर नुसते दोन रांगांमधून चालत गेले तरी बंद पडलेले माग लाजेनं आपोआप सुरू व्हायचे. पुढं तो कारखाना गेला. कसा गेला ते येईलच. कारखाना गेल्यावर मास्तर एक दिवस रिंग रोडला जुनी मोटर बघायला म्हणून गेले आणि सायकलच्या कॅरिअरवर कॉम्प्युटर बांधून आले. पडदा पोटाशी, कीबोर्ड गळ्यात, आणि वायरी अशा लोंबत होत्या की उधना दरवाज्यापासून दोन कुत्री भुंकत मागं लागलेली. मार्केटमधल्या एका ओळखीच्या मुनीमजीनं त्यांना प्रोग्राम कसा उघडतात ते एकदा, अगदी एकदाच, दाखवलं होतं. आठ दिवसांत मास्तरांच्या दारावर पाटी लागली: 'येथे कॉम्प्युटर चालू करायला शिकवतात.'

त्या पाटीवर काय लिहिलंय ते आम्ही सगळ्यांनी वाचलं. काय लिहिलेलं नाही ते कुणीच वाचलं नाही.

वर्ग म्हणजे त्यांच्या घराची पुढली खोली. तिला लागूनच दुसऱ्या एका मालकाचा मागांचा कारखाना, मधे एकच भिंत. पलीकडे माग सुरू झाले की अलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर नाचायचं, आणि महिनाअखेरपर्यंत नाचून नाचून तीस तारखेचा कागद आपोआप गळून पडायचा. तिथं बोलायचं म्हणजे बोंबलायचं. आम्ही म्हणायचो, एवढ्या सुरतेत मास्तरांना हीच खोली सापडली?

पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन ऐटीत गेलो. मास्तरांनी वही काढून घेतली आणि हातात धोटा दिला. मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो, लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता. म्हणाले, "हाऊ तुना माऊस."

मला वाटलं गंमत. गंमत महिनाभर चालली. महिनाभर आम्ही वीस-बावीस जण त्या लांबलचक टेबलाभोवती बसून धोट्यावर बोटानं टिचक्या मारत होतो. कॉम्प्युटर कोपऱ्यात, पिवळ्या फडक्याखाली, नव्या नवरीसारखा झाकलेला. मास्तरांचा मंत्र एकच होता. "दोन टिचक्या आन् सबूर." दोन टिचक्यांमधलं अंतर चालत्या मागाच्या ठोक्याइतकं. कमी नाही, जास्त नाही. आणि दोन मारल्या की हात मागं, बोलायचं नाही, वाट बघायची. घरी मी ताटावर सराव केला म्हणून मायनं लाटण्यानं दोनच टिचक्या दिल्या, पण सबूर ठेवली नाही.

आणि आता पहिला धक्का. मास्तर टेबलावर पालथा तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि बावीस जणांच्या त्या टकटकाटात, पलीकडे पन्नास माग धडधडत असताना, सांगायचे, "खिडकीकडला तिसरा, उशीर होई राह्यना. दाराकडली पोरगी, बरोबर." मला तर रोज एकच शेरा. "तू तिसरी मारस, भो. दोन मार." खरंच माझं बोट वळवळायचं. दोन मारून झाल्या की तिसरी माझ्याही नकळत सुटायची. पण त्या गोंगाटात ती यांना कळते कशी? आमची खात्री झाली की या माणसासारखे तिखट कान अख्ख्या गुजरातेत नाहीत. माझ्या शेजारी बसणारी सुरेखा, विदर्भातल्या गवंड्याची पोर, मला म्हणाली, "हळू बोल बे. मास्तरले पोटातलंही ऐकू येते." त्या दिवसापासून मी मास्तरांच्या खोलीत मनात शिव्या देणंही बंद केलं.

महिन्यानं फडकं निघालं. मास्तरांनी आम्हाला रांगेनं उभं केलं आणि प्रत्येकाचा हात त्या पत्र्याच्या डब्यावर ठेवला, ज्याला पुढं शहाण्या लोकांनी सीपीयू म्हटलं. खोलीत अर्थिंग नव्हतं. हात ठेवला की कोपरापर्यंत मुंग्या धावायच्या. एकेकजण "आई गं" करून मागं उडत होता आणि मास्तर प्रत्येकाला शाबासकी देत होते, "लागना? म्हंजे जित्ता शे." ज्याला झटका लागला नाही त्याला चप्पल काढून पुन्हा रांगेत उभं केलं. मुंग्यांच्या खाली, आत खोल, बारीक धडधड लागायची. मास्तर म्हणायचे ती खरी गोष्ट. पडद्याकडे बघायचंच नाही. पडदा खोटं बोलतो. टिचक्या मारल्या की तळव्याला धडधड वाढलेली लागते, मग प्रोग्राम वाटेत आहे, सूत भरतंय, थांबायचं. त्या मशिनीवर एक प्रोग्राम उघडायला इतका वेळ लागायचा की एका पोरानं टिचकी मारली तेव्हा तो बिनमिशीचा होता आणि उघडला तेव्हा... जाऊ द्या, मायनं हे वाचलं तर पुन्हा लाटणं काढेल.

दुसरा धक्का त्याहून मोठा. पडद्यावर सात चित्रं होती, म्हणजे सात प्रोग्राम. मास्तरांनी ते आम्हाला तिघातिघांत एक असे वाटून दिले, जसे कारखान्यात पाळीपाळीनं माग वाटून देतात. ज्याचा माग त्याचा. दुसऱ्याच्या मागाला हात लावायचा नाही. सुरेखाला लिहायचा प्रोग्राम मिळाला, कुणाला चित्रं काढायचा, एका भाग्यवंताला पत्त्यांचा. माझ्या वाट्याला आला कॅल्क्युलेटर. पाच महिने, मी शपथेवर सांगतो, पाच महिने मी रोज कॅल्क्युलेटर उघडला. त्यात काही मोजलं नाही. मोजणं मास्तरांच्या पाटीत बसत नव्हतं. एकदा मी चोरून पत्त्यांच्या चित्राकडे बाण नेला तर मास्तर पाठमोरे असूनही वळले आणि म्हणाले, "तो तुना माग नही." आज मला कळतंय की समोरच्या काचेच्या कपाटात त्यांना सगळं दिसत होतं. तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

तिसरा धक्का म्हणजे पाळी बदलणं. मागाची पाळी बदलते तेव्हा माग थांबवत नाहीत. जाणारा चालता माग येणाऱ्याच्या हातात देतो. मास्तरांनी तोच कायदा माऊसला लावला. बसलेल्यानं माऊस सोडायचा नाही, येणाऱ्यानं त्याच्या हातावर हात ठेवायचा, मग खालचा हात हळूच सरकवून घ्यायचा. माझ्या आधीची पाळी सुरेखाची. त्या एका क्षणाची बातमी नवागामात अशी पसरली की दुसऱ्या आठवड्यात वर्गात नाव घालायला पार दिंडोलीपासून पोरं आली. मग आयांचा मोर्चा आला. मास्तरांनी सगळ्यांचं तोंडाकडे बघत शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मधे एक रुमाल आला. खाली सुरेखाचा हात, त्यावर रुमाल, त्यावर माझा. सुरेखा म्हणाली, "रुमाल धुऊन आणत जाय, वास मारते."

आणि चौथा. याला धक्का म्हणू की काय म्हणू. चालता माग द्यायचा म्हणजे उघडलेला प्रोग्राम बंद करायचाच नाही. सातच्या सात, एकावर एक, दिवसभर उघडे. मशीन गुदमरायची, माऊसचा बाण चिखलातल्या म्हशीसारखा चालायचा. शेवटी सुरेखानंच विचारलं, सगळ्या वर्गासमोर, अगदी मास्तरांच्या तोंडाला तोंड देऊन, "मास्तर, हे बंद कसं करतेत?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग डब्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. आम्ही थांबलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मास्तर हलेनात. आम्हाला वाटलं आठवतायत. मग वाटलं ध्यान लावलंय. मग एकानं नाकासमोर बोट धरून बघितलं. पाळी संपली तसे आम्ही निघून गेलो. पुढं जेव्हा जेव्हा कुणी "बंद" म्हटलं, तेव्हा तेव्हा मास्तरांची समाधी लागली. फक्त एकदा, लाइट गेली आणि पडदा काळा झाला तेव्हा मी म्हणालो, "झालं की बंद!" तेव्हा ते म्हणाले, "हाई बंद नही. हाई मरन. मरनले आपला विलाज नही."

हे सगळं मी हसत सांगतोय, पण त्या दिवसांत माझ्या मानेवर टांगती तलवार होती. आबांचे कान वीस वर्षांत मागांनी खाल्ले होते. आमच्या घरात काय भाजी झाली ते सगळ्या गल्लीला कळायचं, कारण मायला ते आबांना सांगावं लागायचं. आबांनी मला सांगून ठेवलं होतं, "पहिली तारीखलोंग हापिसमा लागना तं लागना. नही तं चाल मनासंगे कारखानामा." कष्टाला मी भीत नव्हतो. पण कारखान्यात तोंडचा शब्द आपल्याच कानाला ऐकू येत नाही. तिथं माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरचा ओठ वाचतो. आबा आणि मास्तर चहाच्या टपरीवर तसंच बोलायचे. दोन बाप्ये माशांसारखी तोंडं उघडमीट करतायत आणि आवाज नाही. टपरीवाल्याला वाटायचं हे भांडतायत. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला अशा जागी नेऊन उभं करणं म्हणजे पोपटाला पाण्यात बुडवून 'बोल' म्हणणं. मी मेलो असतो. हे वाढवून सांगत नाहीये.

पहिली तारीख चार दिवसांवर असताना सुरेखाच्या वडिलांनी खबर आणली. ते पलसाण्याला एका रंगाईच्या मिलमध्ये भिंत बांधत होते. मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटर आलाय आणि चालवणारा हवाय. सुरेखाला एवढ्या लांब पाठवायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून नंबर माझा. सुरेखा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. निघताना मात्र दारात येऊन म्हणाली, "माह्या प्रोग्रामले हात लावाची पाळी आली तं नीट लाव. तिसरी मारशील तं पाहाय."

मास्तर स्वतः माझ्यासोबत आले. इस्त्रीचा शर्ट, पायात चपलांऐवजी बूट. वाटेत बसमध्ये त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "नखं कापी लिधात का?"

मिलचं ऑफिस एअरकंडिशनचं होतं. काचेचं दार आमच्या मागं मिटलं आणि जग बंद पडलं. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आमच्या आधी एक टायवाला पोरगा परीक्षेला बसला होता. त्यानं चित्रावर टिचकी मारली, काही झालं नाही. पुन्हा मारली. मग घाम फुटला आणि तो सुतार पक्ष्यासारखा टोचत सुटला. चाळीस तरी टिचक्या. मशीन ठार. मॅनेजर साहेबांनी कपाळावर हात मारून प्लग काढला, पुन्हा लावला, आणि पोरगा टाय सैल करत निघून गेला.

मग साहेब आमच्याकडे वळले. खरं तर वळले नाहीत. फायलीतून डोकं न काढता, मास्तरांच्या पाठीमागच्या कपाटाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "आ छोकरो केटला महिना शीख्यो?"

मास्तर भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघत होते. बोलले नाहीत.

"ओ मास्तर! केटला महिना?"

मास्तर फोटोच बघतायत. साहेबांच्या भुवया वर गेल्या. एवढ्यात चहा आणणारा प्यून दारात अडखळला आणि सहा कप, सहा बशा आणि एक स्टीलचा ट्रे मास्तरांच्या टाचेपासून हातभर अंतरावर फरशीवर आदळला. साहेब उडाले. मी उडालो. बाहेरचा वॉचमन आत धावला.

मास्तरांची पापणी हलली नाही. ते फोटोतल्या गणपतीकडे प्रसन्नपणे बघत होते.

मी थिजलो. एअरकंडिशनमुळे नव्हे. सहा महिने माझ्या डोळ्यांसमोरून उलटे धावत गेले. त्या खोलीत आम्ही मास्तरांच्या पाठीमागून विचारलेला एकही प्रश्न त्यांना पोचला नव्हता. टेबलावरचा तळहात. डब्यावरचा तळहात. मागांच्या भिंतीला लागून घेतलेली खोली. अख्ख्या गुजरातेतले तिखट कान! या माणसाला काहीच ऐकू येत नव्हतं. आवाजाचा एक दाणाही नाही. आणि मी, ज्याच्या घरात रोज बहिऱ्या बापाशी ओरडून घसा बसतो, त्या मला हे कळलं नव्हतं. आबा बहिरे आहेत हे सगळ्यांना कळायचं, कारण आबा "काय म्हनस?" विचारायचे. मास्तरांनी कधी कुणाला विचारलं नाही.

साहेब फाईल टेबलावर ठेवून पुढं यायला लागले. त्यांना आता कळणार, ऑफिसात हसू पिकणार, आणि बहिऱ्याच्या शागिर्दाला कोण ठेवून घेणार! पहिली तारीख मला तिथं, त्या फरशीवर, कपांच्या तुकड्यांमध्ये दिसली.

मी मास्तरांच्या समोर जाऊन उभा राहिलो. साहेबांकडे पाठ केली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून आवाज काढला नाही. आबा टपरीवर करायचे तसे नुसते ओठ हलवले. किती महिने, विचारतायत.

मास्तरांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. मला कळलंय हे त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांचा चेहरा असा झाला, की त्यावर मी काही रचून सांगणार नाही. मग ते साहेबांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "छ महिना, साहेब. पूरा छ."

"बहु विचारीने बोले छे," साहेब माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाले. फार विचार करून बोलतात! मग मला म्हणाले, "चाल, लखवानो प्रोग्राम खोल."

लिहायचा. म्हणजे सुरेखाचा माग. माझा हात माऊसवर गेला आणि तिथंच अडला. पाच महिन्यांचा कायदा असा एकदम मोडवत नाही. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी ओठ हलवले. बदली. कारखान्यात एखादा आला नाही की त्याचे माग त्या दिवसापुरते बदली कामगार घेतो. आज मी सुरेखाचा बदली.

दोन टिचक्या मारल्या. काही झालं नाही. साहेब म्हणाले, "फरी मार." पुन्हा मार. माझं बोट वळवळलं. देवाशप्पथ, तिसरी नखापर्यंत आली होती. मी बोट मुठीत दाबलं आणि दुसरा हात डब्यावर ठेवला.

मुंग्या नाहीत. काहीच नाही. पत्रा थंडगार. मी भर ऑफिसात म्हणालो, "साहेब, तुमचं मशीन मेलंय."

"शुं?"

"झटकाच लागत नाही!"

साहेब माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या सासुरवाडीबद्दल काही बोललो. प्यून तोंडात बोळा कोंबून हसत होता. तेवढ्यात मास्तर पुढं आले. त्यांनी माझा हात बाजूला केला, आपला तळवा डब्यावर पसरला आणि डोळे मिटले. सगळं ऑफिस गप्प. साहेबही गप्प. डॉक्टर नाडी बघतो तेव्हा कोण बोलतं?

"चालू शे," मास्तर म्हणाले. "सूत भरी राह्यनं. सबूर."

आम्ही सबूर धरली. घड्याळाचा काटा मी मोजला, पण आकडा सांगत नाही, तुम्ही अर्धा सोडून द्याल. आणि मग पडद्यावर, बर्फी ताटात अलगद थापावी तसं, पांढरंशुभ्र पान उघडलं.

साहेबांनी आधी काचेचं दार नीट लावलेलं आहे ना ते पाहिलं. मग खाली वाकून, प्यूनला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला सांगितलं की लिहिणारा कारकून त्यांच्याकडे आहे, आकडे भरणारा आहे, पण रोज सकाळी उघडायचं कुणी यावर भांडणं होतात. टायवाल्यासारख्या टिचक्या ते स्वतःच रोज मारतात. मी रोज येऊन नुसतं उघडून देईन का?

नुसतं उघडून! अख्ख्या दुनियेत मला येत असलेली एकुलती एक गोष्ट! मी हो म्हणालो तेव्हा माझा आवाज रंगाईच्या टाकीपर्यंत गेला असेल.

परतताना बसमध्ये मी पलसाण्यालाच सुरू झालो. मास्तर, मला ठाऊक नव्हतं, मास्तर, आम्हाला सांगितलं का नाही, मास्तर, कधीपासून. त्यांनी थोडा वेळ माझ्या ओठांकडे पाहिलं आणि डोळे मिटले. झालं. माझं तोंड चालू आणि त्यांच्याकडे एक शब्द पोचेना. तेव्हा कुठं मला ती समाधी कळली. आपल्याला ऐकायचं नसलं तर आपण कानांवर हात ठेवतो. मास्तरांना ऐकायचं नसलं की ते डोळे मिटत. म्हणजे सुरेखाचा प्रश्न त्यांना समजत होता. दर वेळी. स्पष्ट.

घरी आबांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?" आबा म्हणाले, "मनाकडेच तं शिकना ना तो व्हट वाचानं." आणि मग त्यांनी कारखान्याचं सांगितलं. एका सकाळी पहिल्या पाळीला सगळे गेले तर शटर खाली आणि कुलूप. आदल्या दिवशी चालू सोडलेले माग आत कुणीतरी एकेक करून थांबवले होते. बाकीचे दुसरीकडे काम शोधायला पांगले. मास्तर शटरवर तळहात ठेवून उभे राहिले. पाळी संपेपर्यंत. आबा म्हणाले, "मी म्हनं, चाल. त्यानी डोया मिटी लिधात."

नोकरीच्या पहिल्या संध्याकाळी मी पलसाण्याच्या ऑफिसात सगळे प्रोग्राम तसेच उघडे ठेवून पाळी बदलायला येणाऱ्याची वाट बघत बसलो. कुणी येईना. शेवटी त्याच कप फोडणाऱ्या प्यूननं कोपऱ्यातल्या फुलीवर एक टिचकी मारून मला बंद करून दाखवलं. एक टिचकी! उघडायला दोन आणि बंद करायला एक. मला ते फार अन्यायाचं वाटलं.

वर्षभरानं मी नानखटाईचा डबा घेऊन मास्तरांकडे गेलो. तोवर नवागामात टायवाले वर्ग निघाले होते, तीन महिन्यांत सगळं शिकवणारे. सुरेखा त्यातल्याच एका वर्गात शिकवत होती, आणि पोरांना धोट्यावर सराव करायला लावते म्हणून मालकाची बोलणी खात होती. मास्तरांच्या गल्लीत शिरलो आणि मला माझ्याच चपलांचा आवाज आला. मी दचकलो. शेजारचा मागांचा कारखाना शहराबाहेर हलला होता. कॅलेंडर भिंतीवर सरळ, मुकाट लटकत होतं.

मास्तर एकटेच टेबलाशी बसले होते. पडदा काळा. तळहात डब्यावर.

"चालू शे," मला बघून ते म्हणाले. "पडदा तेवढा गया. पडदानं काय."

मी डब्याच्या दुसऱ्या बाजूला हात ठेवला. मुंग्या आल्या नाहीत. आत खोलवर, जिथं धडधड असायची, तिथं काही नव्हतं. मिलच्या ऑफिसात मुंग्या नव्हत्या त्या अर्थिंगमुळे, पण इथं अर्थिंग कुणी बसवलं नव्हतं, आणि लाइटही होती, डोक्यावर पंखा फिरत होता. मी थांबलो. मास्तरांनी शिकवलं होतं तसा, घाई न करता, बराच वेळ थांबलो. पत्रा थंडच राहिला. हे बंद नव्हतं.

कुणीतरी सांगायला हवं होतं. मी त्यांच्यासमोर तोंड नेलं, ओठ उघडले. मास्तरांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, पहिला शब्द निघायच्या आत त्यांना तो दिसला असावा, आणि त्यांनी डोळे मिटले. तळवा डब्यावर तसाच. नाकपुड्या फुलवून श्वास धरलेला. शटरवर पाळीभर ते असेच उभे राहिले असणार.

आता मी काय करणार? आयुष्यभर तोंडानं थापा मारल्या. त्या दिवशी बोटानं मारली. डब्याच्या माझ्या बाजूला, खाली, जिथं दिसणार नाही अशा जागी, मी बोटाच्या टोकानं हळूच ठोका धरला. टक टक. थोडं थांबून, टक टक. चालत्या मागाचं अंतर, कमी नाही, जास्त नाही. पत्र्यातून तो ठोका पलीकडे गेला. मास्तरांच्या तळव्याखाली पोचलेला मला दिसला, कारण त्यांचे खांदे खाली आले. धरलेला श्वास सुटला. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मला वाटलं, जमली! या माणसाला मी फसवलं!

मी खुशीत येऊन ठोका चालू ठेवला. टक टक. टक टक.

"भो," मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "अजून तिसरी मारस तू."

माझं बोट हवेतच राहिलं. आणि तळवा डब्यावरून न उचलता त्यांनी दुसऱ्या हातानं चाचपडत माझं मनगट धरलं, ते पुन्हा पत्र्यावर टेकवलं, आणि म्हणाले, "थांबू नको. दोन मार."